त्या रीलवाल्या पोट्ट्यासाठी, आणि त्याला हार्ट देणाऱ्यांसाठी

राजेहो, सकाळपासून सगळ्या ग्रुपवर तीच रील फिरते आहे. एक जुनं ग्रंथालय, कुठलं ते सोडा. पोट्टं कपाटासमोर उभं राहतं, पुस्तकाच्या कण्याच्या, म्हणजे शिवलेल्या पाठीच्या, वरच्या टोकात बोट अडकवून ते खेचतं आणि थुंकी लावून पानं उलटतं. मागे सतार. खाली हार्टच हार्ट!

अरे, कण्याचं ते टोकच सगळ्यात आधी फाटतं. शेजारची दोन पुस्तकं जराशी आत ढकलायची, मधलं पुढे राहतं, मग कण्याच्या मध्यावर धरून काढायचं. एवढंच.

आणि थुंकी? जुन्या पोथ्यांत चुकलेली अक्षरं हरताळ लावून झाकायचे. हरताळ म्हणजे आर्सेनिकचं पिवळं खनिज, विषच. चाटा आता बोट.

कमेंटमधले शहाणे म्हणतात, पांढरे हातमोजे घालायला हवे होते. कशाला? मोज्यातून पानाची कड हाताला कळत नाही, उलट फाटते. हात धुऊन नीट कोरडे करा, पुरे. मोजे जुन्या फोटोंसाठी.

त्या रीलमधलं पुस्तक छापील आहे, म्हणून जास्तच जीव जातो. हातकागदावरची दोनशे वर्षांची पोथी बरेचदा अजून मऊ असते. पण 1923 साली आपलं नागपूर विद्यापीठ निघालं, त्या काळातला बराचसा छापील कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यात तुरटी आणि राळ, म्हणून आम्ल. घडी पडली की पापडासारखा मोडतो. असं पुस्तक पूर्ण सपाट उघडायचं नाही, दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या ठेवायच्या. झेरॉक्सच्या काचेवर तर दाबायचंच नाही. फाटलं तर सेलोटेप नको, त्याचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. जपानी टिश्यू, म्हणजे पातळ पण चिवट कागद, आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, तीही जाणकाराच्या हातून.

बरं, पोट्ट्याला तरी किती बोलायचं? दारावर सही घेतात, बॅग ठेवून घेतात, पुस्तक कसं धरायचं ते कोणी दाखवत नाही. आणि रीलमध्ये त्याच्या मागे कपाटांच्या रांगेत चक्क कूलर चालू आहे! मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत माणसांनी बसायचं कसं, हे मान्य. मग कूलर वाचनकक्षात लावा, खिडक्या उघड्या ठेवून. पुस्तकांच्या खोलीत ती ओल कोंडते, वर पावसाळा लागला की बुरशी आणि कागद खाणारी कसर, दोघांचंही फावतं.

जा मात्र जरूर. रामदासपेठेत विद्यापीठाच्या ग्रंथालयात हस्तलिखितं आहेत. आधी फोन करून परवानगीचं विचारा, ओळखपत्र ठेवा, विभागप्रमुखांचं पत्र मिळालं तर उत्तम. नोंदी पेन्सिलीनेच. फोटोला हो म्हणाले तर फ्लॅश बंद. आणि पुस्तक परत कपाटात तुम्ही खोचू नका, टेबलावरच ठेवा. चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक पुढच्या माणसासाठी हरवलेलंच.