“काका, मूळ शाखेत जा”

आज परत तेच. तालुक्याची बँक, सव्वाअकराची वेळ, काउंटरसमोर एकाहत्तर वर्षांचे गृहस्थ. प्लॅस्टिकच्या पिशवीत पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, पासबुक, आधारची झेरॉक्स. बायको गुडघे चोळत बाकावर बसलेली. बावीस किलोमीटरवरून सकाळच्या एसटीने आलेली दोन म्हातारी माणसं. दोन महिने पेन्शन जमा नाही, कारण हयातीच्या दाखल्याची मुदत संपली. दाखला द्यायलाच तर आले होते. आणि काचेआडून उत्तर काय, तर “काका, तुमची पेन्शन ठाण्याला सुरू झालीय. मूळ शाखेत जा.”

मूळ शाखेत! सिंधुदुर्गातल्या वाडीवरून ठाण्याला, रात्रभर एसटीत आखडून, एका दाखल्यासाठी. पेन्शन २,१०० रुपये. दोघांचं जाण्यायेण्याचं भाडं आणि चहापाणी धरलं तर त्यातलं उरणार काय? बरं, माणूस समोर उभा आहे, श्वास घेतोय, बोलतोय, हातात आधार आहे, त्याच बँकेचं पासबुक आहे. तो जिवंत आहे हे कळायला ठाण्याची शाखा कशाला लागते?

आणि हे नियमातही कुठे नाही. काकांची पेन्शन ईपीएस-९५ ची, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीवाल्यांच्या १९९५ च्या योजनेतली. जानेवारी २०२५ पासून ती एकाच मध्यवर्ती यंत्रणेतून येते. कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेत घ्या, गाव बदललं म्हणून पीपीओ दुसऱ्या कार्यालयात हलवायची गरज उरलेली नाही. मूळ शाखा हा शब्दच निकालात निघालाय, पण काउंटरवर तो अजून जिवंत आहे. दुसरी थाप म्हणजे “नोव्हेंबरात या”. नोव्हेंबर सरकारी पेन्शनरांचा. ईपीएस-९५ वाल्याने वर्षात कधीही दाखला द्यावा, दिल्या तारखेपासून बारा महिने चालतो. हे त्या खुर्चीवर बसणाऱ्याला माहीत नसेल तर शिकून घ्यावं, आणि माहीत असून सांगत नसेल तर ती खुर्ची सोडावी.

मोबाइलवर करा म्हणतात. करा ना, पण कसं ते कोणी सांगत नाही. ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ अशी दोन ॲप लागतात. नुसतं पहिलं टाकून लोक तासभर झटत बसतात. झिजलेले अंगठे मशीनवर उमटत नाहीत, म्हणून चेहऱ्याने करा, पण खिडकीकडे पाठ करून नव्हे, तोंड करून, चष्मा काढून. सगळ्यात घातक चूक पुढे होते. पेन्शन मंजूर करणारं कार्यालय आणि पेन्शन देणारी संस्था या दोन्ही रकान्यांत ईपीएफओच, म्हणजे भविष्यनिर्वाह निधी संघटनाच निवडायची असते. सेवा केंद्रावरचा पोरगा घाईत बँकेचं किंवा राज्य सरकारचं नाव निवडतो, प्रमाण आयडी म्हणजे दाखल्याचा नंबर येतो, वीस-तीस रुपये देऊन माणूस समाधानाने घरी जातो आणि तो दाखला मागाहून नाकारला जातो. प्रमाण आयडी आला म्हणजे दाखला स्वीकारला गेला असं नाही! चार-आठ दिवसांनी पुन्हा उघडून बघायचं. घरात दोन पेन्शनी असतील, बाईची स्वतःची आणि नवऱ्यामागची, तर पीपीओ दोन आणि दाखलेही दोन. एकच देऊन येतात आणि दुसरी बंद पडते.

त्यात ओटीपी. वाडीत रेंज नाही, रेंज देवळामागच्या चढावर. ओटीपी तिथे येणार, फॉर्म खाली केंद्रावर उघडलेला, आणि मुदत काही मिनिटांची. सत्तरीच्या माणसाने चढ चढायचा की आकडे पाठ करत धावत खाली यायचं?

आणि वर सल्ले! “रिटायर झालात ना, शहरात कशाला सडता, गावाला जा, दहा हजारात मजेत भागतं.” हे म्हणणारे मे महिन्यात आठ दिवस येतात, आंबे खाऊन जातात. भाडं वाचतं हे खरं. भाडं सोडून स्वस्त काय आहे ते दाखवा. औषधाच्या पाकिटावरची किंमत तीच. सिलेंडर तोच. भाजी घाटावरून येते, म्हणजे कोल्हापूर-बेळगावच्या दरावर गाडीभाडं चढवून. नळ्यांचं किंवा कौलांचं घर असेल तर पावसाआधी दरवर्षी शाकारणी, कारण माकडांनी वर नाचून कौलं फोडलेली असतात, आणि शाकारणीला माणूस मिळायला पंधरा दिवस मिनतवाऱ्या. व्होल्टेज पडतं आणि विहिरीवरच्या पंपाचं वाइंडिंग जळतं. पावसाळ्यात दोन-दोन दिवस लाइट नाही. घरात इन्सुलिन असेल तर इन्व्हर्टर ही चैन नव्हे. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. उघडलेलं पेन बाहेर साधारण चार आठवडे टिकतं, तेही थंड जागेत, चुलीशेजारच्या फळीवर नव्हे.

गॅसचंच घ्या. गाव बदललं की सिलेंडर आणि रेग्युलेटर जुन्या वितरकाकडे जमा करायचा, पावती घ्यायची. अनामत परत मिळते ती जुन्या कागदावर लिहिलेली, तीस वर्षांपूर्वीची. नव्या ठिकाणी भरायची ती आजची. जून २०२२ पासून चौदा किलोच्या सिलेंडरला २,२०० आणि रेग्युलेटरला २५०. पैसे तीस वर्षं गॅस कंपनीकडे होते की नाही? मग फरक म्हाताऱ्याने का भरायचा?

आणि पत्त्याचा पुरावा! घर आजोबांच्या नावावर, लाइट बिल चुलत्याच्या नावावर, दोघेही वारलेले. सातबाऱ्यावर अकरा नावं, त्यातली चार मुंबईत आणि एक सही न देणारं. स्वतःच्या घरात राहणाऱ्या माणसाकडे स्वतःच्या पत्त्याचा कागद नाही. वारसनोंद होईपर्यंत आधारवरचा पत्ता बदलायचं अडकवून ठेवू नका. आधारच्या ठरावीक नमुन्यात ग्रामपंचायतीचं प्रमाणपत्र चालतं, फोटो लावून, सही-शिक्क्यासह. तारखेपासून तीन महिन्यांच्या आत वापरायचं. साध्या लेटरहेडवरचा रहिवासी दाखला नेला तर परत पाठवतात, म्हणून तो नमुना छापूनच न्या. पण सहीसाठी ग्रामसेवक भेटायला हवा ना! एकाकडे तीन-तीन गावं. पदाचं नाव बदलून ग्रामपंचायत अधिकारी केलं, कुलूप तेच.

दवाखान्याबद्दल बोललो की डोकं फिरतं. सत्तरीनंतर आयुष्मानचं पाच लाखांचं कार्ड आहे, चांगलं आहे, काढाच. पण ते दाखल झाल्यावर चालतं. रोजच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्यात नाहीत, तपासणीला जायचं गाडीभाडं नाही. आणि दाखल व्हायचं तर यादीतलं रुग्णालय जवळ हवं. खाजगी पॉलिसीवाल्यांनी दुसरा खड्डा बघून ठेवावा. काही पॉलिसींत गावाचा पत्ता दिला की हप्ता कमी होतो. मग मुंबईत ऑपरेशन केलं की बिलाचा ठरलेला हिस्सा तुमच्या माथी. पत्ता बदलण्याआधी ‘झोन’चं कलम वाचा. एजंट ते सांगत नाही.

मुंबईला तर जावंच लागतं, हृदयाला, डोळ्यांना, पोरांना भेटायला. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये काढली, ती काढलीच. रत्नागिरी-दादर पॅसेंजर दिवा स्टेशनावरच थांबवली. बोचकी घेऊन म्हाताऱ्यांनी तिथून लोकलमध्ये चढायचं. मुंबई-गोवा महामार्गाचं काम २०११ पासून चालू आहे. एसटीत पंचाहत्तरीनंतर फुकट, पासष्टीनंतर अर्धं तिकीट, हे खरंच मोलाचं आहे, पण वस्तीची गाडीच बंद केली तर ते अर्धं तिकीट कशावर काढायचं?

आणि हा सगळा डोलारा कितीच्या पेन्शनवर? सूत्र बघा. पगार गुणिले वर्षं भागिले ७०. पगार धरायची कमाल मर्यादा २०१४ पर्यंत ६,५००, नंतर १५,०००. पूर्ण पस्तीस वर्षं धरली तरी ७,५००, आणि योजनाच नोव्हेंबर १९९५ ची, म्हणजे पस्तीस वर्षं अजून कुणाची भरलेलीच नाहीत. किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून १,००० वर अडकलेली. महागाई भत्ता शून्य. ज्यांनी आयुष्यभर मशीनवर उभं राहून पाय सुजवले त्यांना हे मिळतं. जोडीला दहा लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले तर ८.२ टक्क्यांनी तिमाहीला २०,५०० येतात, पण ते तीन महिन्यांनी येतात, वाण्याचा हिशोब दर महिन्याला असतो. ते खातंही इकडच्या पोस्टात आणता येतं, त्याचा फॉर्म एसबी-१०(बी). मागितला तर “असा फॉर्म नाही” म्हणतात. नंबर लिहून न्या आणि नंबरानेच मागा.

त्या काकांना आज सांगितलं ते सगळ्यांनाच सांगतो. “मूळ शाखेत जा” म्हणाले की हलायचं नाही. हे लेखी द्या म्हणायचं. देत नाहीत, आणि बऱ्याचदा तिथेच काम होतं. नाही झालं तर पोस्टमनकडून घरी दाखला करून घ्या, किंवा दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात भविष्यनिर्वाह निधीवाल्यांचं शिबिर असतं, तिथे पीपीओ, पासबुक, आधार आणि आधारला जोडलेला फोन घेऊन जा. थकलेली पेन्शन बुडत नाही, दाखला लागला की मागची रक्कम जमा होते.

आज लेखी मागितलं तर म्हणाले, साहेब जेवायला गेलेत. पावणेबारा वाजले होते. काकांची परतीची गाडी साडेबाराची, त्यानंतर थेट संध्याकाळी पाचला. ते पाचपर्यंत थांबले.