फुलमेटल अल्केमिस्ट बघणार असाल तर 2003 चं स्किप करू नका

कुणी नवीन माणसाने विचारलं की फुलमेटल अल्केमिस्ट ही जपानी ॲनिमे सिरीज कुठून सुरू करू, की लगेच दहा जण सांगतात, डायरेक्ट ब्रदरहूड (2009 ची दुसरी सिरीज) लाव, 2003 वालं मूळ मांगा (जपानी कॉमिक) सोडून भलतीकडेच गेलंय, वेळ घालवू नकोस. मला हे दर वेळी टोचतं, म्हणून आज सविस्तर लिहितेय. पुढे दोन्ही सिरीजचे भरपूर स्पॉयलर आहेत, बघितलं नसेल तर इथेच थांबा.

हिरोमु अराकावाची मांगा 2001 ला सुरू झाली आणि 2010 ला संपली, 27 खंड. बोन्स स्टुडिओने पहिली सिरीज आणली ऑक्टोबर 2003 मध्ये, म्हणजे तेव्हा गोष्टीचा शेवट कुठेच दिसत नव्हता. दिग्दर्शक सेइजी मिझुशिमा आणि मुख्य लेखक शो आइकावा यांनी फिलर (मूळ गोष्टीबाहेरचे वेळकाढू एपिसोड) भरत बसण्यापेक्षा 51 एपिसोडमध्ये स्वतःची वेगळी गोष्ट शेवटापर्यंत नेली. मग 2009 मध्ये त्याच बोन्सने यासुहिरो इरिएच्या दिग्दर्शनाखाली मांगाला धरून 64 एपिसोड केले, ते ब्रदरहूड. गोष्टीतल्या दोन भावांपैकी एडचा आवाज दोन्हीकडे रोमी पार्कचा, अलचा रिए कुगिमियाचा. म्हणजे तीच पोरं, तोच गुन्हा, मेलेल्या आईला अल्केमीने (पदार्थाचं रूप बदलायच्या विद्येने) परत आणायला गेले आणि एकाचा हात-पाय गेला, दुसऱ्याचं अख्खं शरीर.

आता माझं म्हणणं. गमावणं म्हणजे काय हे 2003 ला जास्त कळलंय.

ह्यूज घ्या, पोरांना जीव लावणारा सैन्यातला अधिकारी. ब्रदरहूडमध्ये तो दहाव्या एपिसोडला मरतो, 2003 मध्ये पंचविसाव्याला. हा नुसता आकड्याचा फरक नाहीये. 2003 मध्ये एड सरकारी अल्केमिस्टच्या परीक्षेसाठी सेंट्रल शहरात आलेला असतो, ह्यूज त्याचा वाढदिवस करायला त्याला घरी नेतो आणि त्याच दिवशी ह्यूजच्या बायकोला, ग्रेसियाला कळा सुरू होतात, त्यांच्या मुलीचा, एलिसियाचा जन्म होतो तेव्हा ही दोन्ही पोरं त्या घरात असतात. ज्यांनी माणूस बनवायचा प्रयत्न करून सगळं घालवलं ती दोघं एक माणूस खरंच जन्माला येताना बघतात! हे मांगात नाही, ही पूर्णपणे 2003 च्या टीमची कमाई आहे. त्यानंतर तीच एलिसिया बाबांच्या अंत्यविधीत बाबांना का पुरताय म्हणून विचारते तेव्हा जे होतं ते ब्रदरहूडमध्ये मला झालं नाही, सीन तोच असून. नीना या छोट्या मुलीचंही तसंच, ब्रदरहूडमध्ये ती चौथ्या एपिसोडला येते आणि चौथ्यालाच संपते. 2003 मध्ये आपण तिच्या घरी राहिलेलो असतो, तिच्या कुत्र्यासोबत खेळलेलो असतो, आणि तिचा बाप टकरही तिथेच संपत नाही, तो नंतर पुन्हा समोर येतो, स्वतः किमेरा (माणूस आणि जनावर जोडून बनलेला जीव) होऊन, नीनाला परत आणायच्या वेडात, म्हणजे पोरांनी केलेला तोच गुन्हा करत.

पण सगळ्यात मोठी गोष्ट होमन्क्युलस, म्हणजे अल्केमीतून बनलेले कृत्रिम मानव, इथले व्हिलन. मांगात आणि ब्रदरहूडमध्ये ते फादर या मुख्य व्हिलनने स्वतःतून बाहेर काढलेली पापं आहेत, कल्पना म्हणून छानच. 2003 मध्ये मात्र कुणीतरी मेलेल्या माणसाला परत आणायला गेलं आणि फसलं की त्यातून होमन्क्युलस तयार होतो. म्हणजे व्हिलन आकाशातून पडत नाही, कुणाच्या तरी दुःखातून उभा राहतो. इथली स्लॉथ एड आणि अलने बनवलेली आहे, आईचा चेहरा घेऊन फिरते, आणि एडला तिला स्वतःच्या हाताने संपवावं लागतं, तिचं पाण्यासारखं शरीर अल्कोहोलमध्ये बदलून, आणि ती हवेत विरून जाते. ब्रदरहूडची स्लॉथ म्हणजे एक आळशी राक्षस, फाइट जबरदस्त आहे, पण फाइट आहे. रोज नावाच्या मुलीचंही बघा. तुला पाय आहेत, उठ आणि चाल, असं तिला सांगून एड तिच्या लिओर गावातून निघतो, आणि 2003 मध्ये त्याला ती पुन्हा भेटते तेव्हा तिची वाचा गेलेली असते आणि कडेवर मूल असतं. एडच्या त्या वाक्याचा हिशोब ही सिरीज विसरत नाही.

ब्रदरहूड वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. ब्रिग्सचा किल्ला आणि तिथली जनरल ऑलिव्हिए आर्मस्ट्राँग, राजपुत्र लिंग आणि होमन्क्युलस ग्रीड एकाच शरीरात, पोरांचा बाप होहेनहाइम स्वतःच्या आतल्या एकेका आत्म्याशी बोलत राहिलाय हे कळतं तो क्षण, हे 2003 मध्ये नाहीच. ह्यूजचा मित्र रॉय ह्यूजच्या खुन्याला, एन्व्हीला जाळत सुटतो आणि रॉयची सहकारी रिझा रॉयवरच पिस्तूल रोखते तो सीन मी कितीही वेळा बघू शकते. आणि शेवट! अलसाठी एड स्वतःची अल्केमीच देऊन टाकतो, एवढा चोख शेवट फार कमी सिरीजना जमलाय. 2003 चा शेवट त्यापुढे विस्कळीत आहे, एड एकदम आपल्या जगात जाऊन पडतो, इथली मुख्य व्हिलन डान्टेचा प्लॅन शेवटी घाईत उलगडतो, आणि त्यानंतर 2005 चा पिक्चर बघावाच लागतो, तो 1923 च्या म्युनिकमध्ये घडतो आणि मला अर्धाच पटला. पण मिचिरु ओशिमाचं ते रशियन शब्दांचं भावांचं गाणं कानावर आलं की आजही माझ्या घशाशी येतं, त्याला माझा इलाज नाही.

म्हणून आधी 2003 पूर्ण बघा, मग पिक्चर, मग थोडं थांबून ब्रदरहूड. ब्रदरहूडची सुरुवात एवढी पळते कारण तो भाग टीव्हीवर आधीच येऊन गेला होता, तुम्ही नीनाला आणि ह्यूजला ओळखत असाल तर ती घाई खटकणार नाही. आणि त्याचा पहिला एपिसोड, तो बर्फवाल्या आयझॅक मॅकडूगलचा, मांगात नाहीये, त्यात सगळी पात्रं एकदम अंगावर येतात, तेवढ्यावरून सिरीज सोडू नका.