आत्याला आलेला मेसेज आणि कराराच्या नोकरीचा खरा हिशेब

गेल्या आठवड्यात आत्याने एक मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, ‘बघ, आपला बंड्या देशासाठी किती करतोय.’ बंड्या म्हणजे तिचा थोरला, गेली नऊ वर्षं शारजात एसी मेकॅनिक. हाच मेसेज नंतर मला गावच्या ग्रुपवर आणि ऑफिसच्या ग्रुपवरही दिसला. त्याचा सारांश असा: आखातात करारावर जाणारा पै न पै घरी पाठवतो आणि परत येतो, अमेरिकेत स्थायिक होणारा काही पाठवत नाही, देशाला बुडवतो. करारावर जाणाऱ्याचं काहीच नुकसान नाही. तो जिथे जातो त्या देशालाही हेच परवडतं. म्हणून सरकारने फक्त करारावरच माणसं पाठवावीत.

आत्याचा अभिमान खरा आहे. म्हणूनच मला या मेसेजची चीड आली.

आधी पैशांचं बघू. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशातून भारतात आलेल्या पैशांपैकी २७.७ टक्के एकट्या अमेरिकेतून आले. संयुक्त अरब अमिरातीचा, म्हणजे शारजा ज्यात येतं त्या देशाचा, वाटा होता १९.२ टक्के. म्हणजे ‘अमेरिकावाला काही पाठवत नाही’ हे साफ खोटं आहे. आखातातल्या सहाही देशांची बेरीज केली तर ती आजही अमेरिकेपेक्षा जास्त भरते, हे मान्य. आणि कमाईतला किती हिस्सा घरी येतो असं विचाराल, तर तो बंड्यासारख्यांचाच मोठा असणार, कारण त्यांची बायकापोरं इथे आहेत. पण याला देशभक्तीची परीक्षा का करता? तुटपुंज्या पगारावर तिथे कुटुंब नेताच येत नाही, म्हणून पैसा इकडे येतो. शिवाय अमेरिकेतले आपले कितीतरी लोक एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत. तो व्हिसाच तात्पुरता: तीन वर्षांचा, वाढवून सहसा सहा. ग्रीन कार्डाला, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याला, दर देशामागे सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही. ज्यांना मेसेज ‘कायमचे गेलेले’ म्हणतो, त्यांतले बरेच जण स्वतःच टांगलेले आहेत.

आता ते वाक्य, ज्यासाठी मी हे लिहायला बसलो: ‘करारावर जाणाऱ्याचं काहीच नुकसान नाही.’

बंड्या गेला तेव्हा एजंटने एक लाख चाळीस हजार घेतले. कायद्याने एजंटला तीस हजार रुपये आणि त्यावर कर, एवढंच सेवाशुल्क घेता येतं. पावतीही तेवढ्याचीच मिळाली. बाकीचे रोख. त्यासाठी आत्याच्या पाटल्या गहाण पडल्या, त्या सुटायला चौदा महिने लागले. म्हणजे दोन वर्षांच्या करारातला निम्म्याहून जास्त काळ फक्त जाण्याची किंमत फेडण्यात गेला. त्या काळात आत्याचे यजमान गेले. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात होता, साहेब सुट्टीवर होता, चावी त्याच्याकडे. बंड्या बाराव्याच्या आदल्या रात्री घरी पोचला. ओटीवर बॅग तशीच टाकून तो बसून राहिला होता, ते मी पाहिलंय. हे नुकसान नाही तर काय आहे?

आणि ही एका घराची रडकथा नाही, यामागे व्यवस्था आहे. व्हिसा एकाच मालकाशी बांधलेला असला की कामगाराला ‘जास्त द्या, नाहीतर मी दुसरीकडे जातो’ असं म्हणता येत नाही. कर्ज डोक्यावर असताना तर नाहीच. याची किंमत मोजून झालेली आहे. पूर्वी अमिरातीत करार संपल्यावरही जुन्या मालकाच्या परवानगीशिवाय दुसरी नोकरी धरता येत नव्हती. २०११ मध्ये ती अट काढली. सुरेश नायडू, याव न्यार्को आणि शिंग-यी वांग या अर्थशास्त्रज्ञांनी पगाराच्या नोंदी तपासून दाखवलं की, या बदलानंतर ज्यांचे करार संपले त्यांची कमाई साधारण दहा टक्क्यांनी वाढली. माणूस तोच, काम तेच, तरी पगार वाढला. शिवाय मायदेशी परतणाऱ्यांचं प्रमाण घटलं, कारण तिथे थांबणं परवडू लागलं. बंड्याचंही तेच झालं. दुसरा करार त्याने दुसऱ्या कंपनीशी केला आणि पगार तेव्हाच वाढला. पहिली दोन वर्षं मात्र दोरी मालकाच्या हातात होती.

‘त्या देशालाही परवडतं’ म्हणणाऱ्यांनी जर्मनी आठवावी. १९५५ मध्ये इटलीशी आणि १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून त्यांनी ‘पाहुणे कामगार’ आणले. तुर्की माणसाने दोन वर्षांत परत जायचं आणि जागी नवा यायचा, असं ठरलं होतं. ते मोडलं मालकांनीच. शिकवून तयार केलेला हात घालवून पुन्हा नवखा घ्यायचा, हे कुठल्या कारखान्याला परवडणार? १९६४ मध्ये ती अट गेली. १९७३ पर्यंत आलेल्या सुमारे १.४ कोटींपैकी १.१ कोटी परत गेले, हेही खरं. पण १९७३ मध्ये भरती बंद झाली आणि एकदा बाहेर पडलो तर पुन्हा येता येणार नाही हे कळल्यावर उरलेल्यांनी तिथेच बिऱ्हाड केलं, बायकामुलं बोलावली. दार बंद केल्याने माणसं परत जातात असं नाही, ती आतच राहतात.

‘सरकारने फक्त करारावरच माणसं पाठवावीत’ या शेवटच्या मुद्द्यावर फार बोलण्यासारखं नाही. व्हिसा तात्पुरता द्यायचा की कायमचा, हे तो देश ठरवतो, दिल्ली नाही. दिल्लीच्या हातात परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठीचा १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे, एजंटांची नोंदणी आहे, शुल्काची मर्यादा आहे. त्यांची अंमलबजावणी का होत नाही, हे विचारणारा मेसेज मात्र मला अजून कुणी पाठवलेला नाही.

आत्याला मी लगेच फोन केला, कारण तिचा धाकटा आता कुवेतला जायला निघालाय. एजंट किती मागतोय म्हणून विचारलं. एक लाख साठ हजार. पावती कितीची देणार, ते तिला माहीत नव्हतं. पैसे देऊ नकोस, आधी त्याचा नोंदणी क्रमांक माग, मी सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर बघतो, असं सांगितलंय. पाटल्या अजून तिच्या हातात आहेत.