गिलावा चांगला हवा

तुमच्या हाती एखादी शाळा, इस्पितळ किंवा धरण बांधायचे काम आले असेल, किंवा असे काम मंजूर करणारी खुर्ची मिळाली असेल, तर आधी अभिनंदन. पैसे खायला याहून निर्धोक जागा नाही. नासका माल विकला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी भांडायला येते. इथे तसे नाही. कॉलमच्या उभ्या सळ्या हादऱ्यात फाकू नयेत म्हणून त्यांना जवळजवळ रिंगा बांधायच्या असतात; त्यातल्या निम्म्या गाळल्या तर कोण बघणार? बघायची मुदत काँक्रीट ओतेपर्यंतच. मग स्लॅब पडतो, गिलावा होतो, रंग लागतो, फीत कापतात. गाळलेल्या रिंगांची आठवण पुढे फक्त जमिनीला येते, आणि तिला घाई नसते. तोवर तुमच्या नावाचा चौकसुद्धा झालेला असतो.

‘स्लॅब पडला’ हे वाक्य मराठीत बांधतानाही चालते आणि कोसळतानाही. बिल दोन्ही वेळा निघते. दुसऱ्या वेळी तर निविदेचीही कटकट नको. काम तातडीचे असते.

एक अडचण मात्र आधीच सांगून ठेवतो. निकोलस अँब्रेसीज आणि रॉजर बिल्हॅम या दोन भूकंप-अभ्यासकांनी २०११ साली ‘नेचर’मध्ये एक हिशेब मांडला. आधीच्या तीस वर्षांत भूकंपात इमारती कोसळून जी माणसे मेली, त्यातली ८३ टक्के अशा देशांतली होती, जिथला भ्रष्टाचार देशाच्या उत्पन्नाच्या मानानेही जास्त होता. त्यातले ‘उत्पन्नाच्या मानाने’ हे शब्द फार वाईट. ‘आम्ही गरीब, पक्के बांधकाम आम्हाला कुठले परवडायला’ ही आपली पिढीजात सबब या दोघांनी पार नासवली. २०१० साली हैतीत ७.० तीव्रतेच्या भूकंपानंतर मृतांचे अंदाज लाखाच्या पुढे गेले आणि त्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये ७.१ च्या धक्क्यात इमारतीखाली सापडून कोणी मेले नाही. अशी तुलना कोणी काढली की लगेच भूपट्टांबद्दल बोलायला लागावे. बोट जमिनीकडे राहिले पाहिजे.

अभ्यासासाठी दक्षिण कोरियातल्या सोलचे सामपूंग डिपार्टमेंट स्टोअर घ्या. मूळ आराखडा राहत्या घरांचा. मालकाला दुकान हवे होते, मग पाचवा मजलाही हवासा झाला. ठेकेदार कंपनी नाही म्हणाली. अशा वेळी वाद घालू नये, ठेकेदार बदलावा. मालकाने तेच केले आणि उरलेले काम आपल्याच कंपनीकडून उरकून घेतले. ८० सेंटिमीटरचे असायचे ते कॉलम ६० चे भरले. परवानग्यांचे काय, असे विचाराल. फाइल वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर वजन ठेवावे लागते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. जेवढे वजन कॉलममधून काढाल त्यातले थोडे फाइलीवर ठेवायचे, की तोल राहतो.

२९ जून १९९५ ला छताचे तडे वाढत गेले. वरचा मजला बंद केला, खालची विक्री चालू ठेवली. दुकानात गर्दी होती, गल्ला कोण सोडणार? संध्याकाळी इमारत बसली आणि ५०२ माणसे गेली. इतक्या नेटक्या कामात मालकाची चूक एकच झाली. त्या दिवशी भूकंप नव्हता, वादळ नव्हते. निसर्गाचे नाव घ्यायला जागाच उरली नाही, म्हणून मालकाबरोबर लाच खाणारे अधिकारीही तुरुंगात गेले.

तेव्हा निसर्गाची वाट बघायचा धीर हवा. लिबियातल्या देर्ना शहरावरच्या धरणांना तडे गेल्याचे १९९८ मध्येच कागदावर आले होते. दुरुस्तीचे कंत्राट २००७ मध्ये दिले, काम २०११ मध्ये थांबले, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये डॅनियल वादळ आले, धरणे फुटली. वादळाला नाव असते, हे लक्षात घ्या. दुरुस्ती न करणाऱ्याला नसते. पुढे तिथल्या न्यायालयाने बारा जणांना शिक्षा सुनावल्या, पण जगाच्या लक्षात राहिले ते वादळच.

बेकायदा मजले चढून बसले असतील तर पाडापाडी करून मते घालवू नका. माफी योजना काढा. तुर्कस्तानात २०१८ साली निवडणुकीच्या तोंडावर अशी योजना आली: पैसे भरा, नोंद करा, इमारत कायदेशीर. पावतीने कॉलम जाड होत नाही हे खरे, पण तसे पावतीवर कुठे लिहिलेले असते?

आणि धोका दिसलाच तर? वरच्याला पत्र लिहावे. उत्तराची वाट पाहू नये, स्थळप्रत जपावी. लेबनॉनमधल्या बैरूतच्या बंदरात २,७५० टन अमोनियम नायट्रेट हे स्फोटक रसायन वर्षानुवर्षे पडून होते आणि त्याबद्दलची पत्रे इकडून तिकडे फिरत होती. ४ ऑगस्ट २०२० ला गोदाम उडाले, दोनशेवर माणसे गेली. पत्रे शाबूत. प्रत्येकाकडे आपण कळवले होते याचा पुरावा होता. चौकशी करणारा न्यायाधीश खोलात शिरू लागला, तर त्याच्यावरच तक्रार ठोकावी. तिथे दोन माजी मंत्र्यांनी तसे केले आणि पहिला न्यायाधीश हटवला गेला.

एवढे सगळे जमवूनही एखादा माणूस खेळ बिघडवतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात भूकंपात पन्नास हजारांवर माणसे मेली, तेव्हा हाताय प्रांतातले एर्झिन हे गाव जवळपास जसेच्या तसे उभे राहिले. तिथला महापौर म्हणाला, मी बेकायदा बांधकाम होऊच दिले नाही. देशात प्रामाणिक तू एकटाच का, असे लोक त्याला आधी विचारत, हेही त्यानेच सांगितले. आता अशा माणसाचे काय करायचे? हातपाय गाळू नका. तिथली जमीनच टणक होती, असे काही तज्ज्ञांनी सांगितले आहे, आणि त्यात तथ्यही असेल. तो कागद तेवढा मिळवून वेगळ्या फाइलीला लावून ठेवा. पुढच्या पत्रकार परिषदेत लागेल.