‘ही मिलिटरी स्पेकची पेटी नाही’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार.

उपकरणं ठेवायच्या आमच्या पेटीला एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय, की वर ‘मिल-स्टँडर्ड ८१०’ छापलंय, पण पेटी ॲल्युमिनियमची नाही, प्लॅस्टिकची आहे. सोबत लष्कराचं सर्टिफिकेट नाही. म्हणजे ही फसवणूक आहे. फसवणूक हा शब्द जिव्हारी लागला, म्हणून सविस्तर लिहितोय.

सर्टिफिकेटचं आधी. ८१० हे अमेरिकी लष्कराचं, १९६२ पासूनचं चाचण्यांचं स्टँडर्ड. वस्तू कशाची बनवायची हे त्यात नाही. ऊन, धूळ, पाऊस, हादरे यांत तिची परीक्षा कशी घ्यायची, ते आहे. त्यासाठी मालाला सर्टिफिकेट देणारं लष्कराचं ऑफिसच नाही. चाचणी उत्पादक किंवा लॅब करते. कुणी असं सर्टिफिकेट दाखवलंच, तर ते कुणी दिलं हे जरूर विचारा.

आता प्लॅस्टिक. धातू कुठला, जाडी किती, प्रक्रिया कुठली, सगळं कागदावर ठरवून द्यायची जुनी पद्धत होती. कागदाप्रमाणे माल दिला की कारखानदार मोकळा, मग पेटी मैदानात टिको न टिको. जून १९९४ मध्ये तेव्हाचे अमेरिकी संरक्षणमंत्री विल्यम पेरी यांनी हे उलटवलं: वस्तूने काय करून दाखवायचं ते आधी सांगा, जुन्या धाटणीचं लष्करी स्पेसिफिकेशन अगदी नाइलाज असेल तरच, तेही खास परवानगीने. आम्ही याच विचाराचे आहोत. ॲल्युमिनियमचा कोपरा चेपला की चेपलेलाच राहतो, झाकण नीट बसत नाही, फटीतून पाणी शिरतं. आमचा कोपरा दबतो आणि परत जागेवर येतो.

ड्रॉप टेस्ट म्हणजे १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा पाडणं: ६ बाजू, १२ कडा, ८ कोपरे. हे २६ आघात पाच नगांत वाटून घ्यायची मुभा स्टँडर्डच देतं. आम्ही सगळे एकाच पेटीवर घेतले. दुसऱ्या कुणाची पेटी घेताना एवढं नक्की विचारा, किती नगांवर?

मापं ठरवून देणं चूकच, असं मात्र मी म्हणणार नाही. जिथे एकाचा भाग दुसऱ्यात बसायला हवा, तिथे माप पक्कंच लागतं. म्हणून कडीच्या पिनेचं माप आम्ही कधीच बदललेलं नाही. जुन्या पेटीला नवी कडी बसते.

आणि ८१० छापलं म्हणजे त्यातल्या सगळ्या चाचण्या झाल्या, असं होत नाही. आम्ही आपटणं, पाऊस आणि धूळ या तीन केल्या, लेबलवर त्याच तीन लिहिल्यात. खाऱ्या धुक्याची केलेली नाही, आणि बिजागरीची पिन स्टीलची आहे. तुमचं काम बोटीवरचं असेल, तर ही पेटी परत पाठवा, पूर्ण पैसे देऊ. नसेल, तर ऑर्डर नंबर कळवा, लॅबचा रिपोर्ट फोटोंसकट पाठवतो.