हळद, लिंबू, सोडा आणि भावकीचा ग्रुप

‘वसमतच्या हळदीचं सत्य, जे कंपन्या लपवतात’ असा मथळा मिरवणारा मेसेज सध्या हिंगोली-नांदेडकडच्या भावकीच्या ग्रुपांवर फिरतोय. येईल तसा जाईल म्हणून सोडून दिला होता. पण आत्यानं त्यावर भरवसा ठेवून शुगरची गोळी बंद केली आणि लग्न ठरलेल्या भाचीनं तोंडाला लेप फासला, तेव्हा गप्प बसणं जमेना.

मेसेजचं म्हणणं असं: हळद, लिंबाचा रस आणि खायचा सोडा रात्रभर लावा, सात दिवसांत गोरेपणा. उपाशीपोटी चमचाभर हळद, शुगर गायब. भाजलं की हळद दाबा. हळद कुठलीही चालेल. पुरावा? ‘अमेरिकेनं उगाच पेटंट घेतलं का?’

लेपाचं आधी. आपली कातडी जरा आंबट असते, सामू (पीएच) 5 च्या आसपास; 7 च्या खाली आंबट, वर अल्कधर्मी. लिंबाचा रस 2 च्या जवळ, सोडा 8 च्या वर. एकत्र केले की फसफसतात, एकमेकांना मारतात आणि प्रमाण चुकलं की जो उरतो तो रात्रभर तोंडावर बसतो. भाचीच्या हनुवटीवर लाल चट्टे आले, कानशिलापाशी साल निघाली. वर तिला कुणीतरी सांगितलं, ‘मळ निघतोय, लावत राहा!’ लिंबाचा अंश राहिलेल्या कातडीवर ऊन पडलं तर ती पोळल्यासारखी होते, मागे काळे डाग राहतात. आमच्याकडं लग्नसराईत पारा 42 च्या घरात असतो, हे मेसेज लिहिणाऱ्याच्या गावीही नाही. हळदीनं रंग उजळत नाही, कातडी पिवळी होते, तीही दोन अंघोळींपुरती. सावळ्या पोरीला गोरं करायची घाई नेमकी कुणाला झालीय, ते वेगळंच.

हळद लावूच नये असं माझं म्हणणं नाही. नवरीला तेलातली हळद लागते ती धुतलीही जाते. मुक्या माराला आंबेहळद आम्हीही उगाळतो. सूज, जंतू यांवर हळदीचा थोडा परिणाम प्रयोगशाळेत दिसतो, तेवढं मान्य.

आता पेटंट. 1995 मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं, हे खरं. पुढचं मेसेजमध्ये नाही. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआरनं, म्हणजे आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं, त्याला आव्हान दिलं, जुने ग्रंथ आणि 1953 चा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधला लेख पुढे केला, आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. पेटंट नव्या गोष्टीलाच मिळतं, म्हणून भांडण एवढंच होतं की यात नवीन काय. त्यात शुगर नव्हती, गोरेपणा तर नव्हताच.

शुगरबद्दल. हळदीतला ज्याचा एवढा गवगवा होतो तो पिवळा घटक, करक्युमिन, सुमारे 3 टक्के, आणि पोटातून ते रक्तात जेमतेम उतरतं. 2017 मध्ये ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’त त्याचा सविस्तर आढावा आला. माणसांवर 120 हून जास्त चाचण्या झाल्या, पण रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही खरं औषध कुठलं हे माहीत नसलेल्या, खोट्या गोळीशी तुलना केलेल्या चाचणीत एकदाही यश आलं नाही, असा त्याचा निष्कर्ष. मिरी घातली की रक्तात जास्त उतरतं, हे खरंय. पण मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूलांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. आत्याला एवढंच म्हटलं, ‘हळद वरणात घाला, गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका.’

भाजल्यावर नळाचं वाहतं पाणी, 20 मिनिटं. हळद दाबली तर डॉक्टरला ती आधी काढावी लागते, तोवर किती खोल भाजलंय ते दिसतच नाही.

आणि कुठलीही चालेल? पिवळाधमक रंग यावा म्हणून हळदीत लेड क्रोमेट, म्हणजे शिसं असलेला पिवळा रंग, मिसळल्याचं आढळलेलं आहे. वरून घातलेला रंग घरी ढोबळमानानं ओळखायला सुटी पूड चमचाभर ग्लासभर पाण्यात टाका. चांगली हळद तळाशी बसताना पाणी फिकट पिवळं ठेवते. गडद पिवळं झालं तर ती तोंडालाही नको आणि वरणातही नको.