शाळेत समानता आणावयाची झाल्यास

आपल्या गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेला वेगवान इंटरनेट देऊन शहरातील महागड्या शाळेच्या बरोबरीला बसवावे, अशी सद्बुद्धी आपणास झाली असेल तर अभिनंदन. मात्र घाई करू नये. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याच्या योजनेस केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजुरी दिली, पुढे तिचे ‘भारतनेट’ असे दुसरे बारसे झाले, २०२० च्या स्वातंत्र्यदिनी सहा लाख गावांसाठी १००० दिवसांचा वायदा झाला, आणि ते दिवस भरल्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित कार्यक्रमासाठी सुमारे १.३९ लाख कोटी रुपये मंजूर झाले. मंजुरीच्या वर्षी पहिलीत बसलेले मूल तोवर बारावी होऊन गेले होते. अशा मुलांना संयमाचे वेगळे गुण द्यावेत.

वेगाची चिंता तर मुळीच करू नये. जानेवारी २०२३ पासून आपल्याकडे सेकंदाला किमान २ मेगाबिट वेग असला की ब्रॉडबँड म्हणता येते. त्याआधी ५१२ किलोबिटांवरही भागत असे. ते किमान २ मेगाबिट चाळीस मुलांत वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला ५० किलोबिट येतात. चित्रफीत कोणालाच दिसत नाही, पण इतकी काटेकोर समान वाटणी शालेय पोषण आहाराच्या खिचडीतही साधत नाही.

फायबर ग्रामपंचायतीच्या कार्यालयात येऊन थांबली आणि शाळा तेथून हाकेच्या अंतरावर असली, तरी मधला चर कोणी खणावयाचा हा प्रश्न ग्रामसभेत काढू नये. हाक मारण्याची सोय असताना वायरीचा खर्च कशाला? विजेचे बिल थकून शाळेचा मीटर काढून नेला असेल, तर राऊटर दर्शनी भागी भिंतीवर लावून त्यास हार घालावा. टॅब मात्र कपाटातच कुलूपबंद ठेवावेत, कारण वापरल्याने वस्तू बिघडतात आणि बिघडलेल्या वस्तूचा खुलासा मुख्याध्यापकांना द्यावा लागतो. तरीही जोडणी चालूच राहिली, तर ती गुरुजींकडून पोर्टलवर माहिती भरून घेण्यासाठी राखून ठेवावी. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड मुलांनी रात्री घरी पाहावा, अर्थात वडील फोन घेऊन शेतावर पाणी द्यायला गेले नसतील तर.

इंटरनेट असलेल्या शाळांचे देशातील प्रमाण २०२३-२४ मधील ५३.९ टक्क्यांवरून २०२४-२५ मध्ये ६३.५ टक्क्यांवर गेले आहे. आपली शाळाही त्यात मोजली जावी म्हणून प्रपत्रात ‘आहे’ असे लिहावे आणि उद्घाटनाची तारीख घ्यावी. त्या दिवशी फळ्यावरील चित्रफीत मध्येच अडकू नये म्हणून साहेबांच्या स्वीय सहायकाच्या मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून घ्यावा, आणि फीत कापून होताच तो बंद करण्याची आठवण द्यावी, कारण त्यातला डेटा त्यांच्या खिशातून जातो.